वाचनालयातल्या संगणकांवर लिनक्स आलं, आता शिकायचं कुठून?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका गावात वाचनालय सांभाळते. आमच्याकडे तीन संगणक आहेत, प्रत्येकी चार जीबी रॅम. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती या यंत्रांत नाही, आणि नवीन यंत्रं घेण्याइतके पैसे वाचनालयाकडे नाहीत. दिवाळीत भाचा आला होता. त्याने तिन्ही संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, टाकून दिली. यंत्रं आता पूर्वीपेक्षा हलकी चालतात.

भाचा पुण्याला परत गेला. प्रत्येक अडचणीला त्याला फोन लावायचा नाही, मला हे स्वतः शिकायचं आहे. माझी कामं तीनच: पुस्तकांची यादी, मराठीत पत्रव्यवहार, आणि शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांना संगणक वापरू देणं. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश.

गेला आठवडाभर ‘नवशिक्यांसाठी सर्वोत्तम साधनं’ अशा याद्या उघडतेय. प्रत्येक यादीत वीस-पंचवीस दुवे. निम्मे दुवे लिनक्सच्या इतिहासापासून सुरू होतात आणि उरलेले ‘कुठलं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) निवडाल’ यापासून. माझं तर निवडून झालंय! पहिलं काय वाचू, मराठीत काही आहे का, आणि आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या पडद्याची, म्हणजे टर्मिनलची, किती गरज पडेल, एवढं कुणी सांगाल का?

दगडफूल

ताई, आधी त्या सगळ्या याद्या बंद करा. मी स्वतः दोन वर्षं दुवे जमवण्यात घालवली आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. एक साधन घ्यायचं, ते संपवायचं, मग दुसरं.

तुमचं मिंट बदलू नका. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. याचा शिकताना मोठा फायदा होतो. मिंटसाठी लिहिलेलं उत्तर सापडलं नाही, तर ‘उबुंटू २४.०४’ असं शोधा, बहुतेक वेळा तेच लागू पडतं. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. एखाद्या लेखात १२.०४ किंवा १४.०४ दिसलं तर तो लेख किती जुना आहे ते तिथेच कळतं.

शिकायला बसण्याआधी मेनूत ‘टाइमशिफ्ट’ शोधा आणि तिन्ही यंत्रांवर चालू करा. ते प्रणालीची त्या क्षणाची नोंद ठेवतं. उद्या काही बिघडलं तर आदल्या दिवसावर परत जाता येतं. ही सोय असली की माणूस न घाबरता हात घालतो, आणि हात घातल्याशिवाय हे येत नाही. मात्र एक नीट लक्षात ठेवा. टाइमशिफ्ट मुळात तुमच्या स्वतःच्या फायली, म्हणजे होम फोल्डर, धरत नाही. पुस्तकांच्या यादीची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी घ्यायलाच हवी.

सह्यकडा

मराठीत आहे, आणि चांगलं आहे. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला. साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, पडदा दिसत राहतो आणि मागे मराठी आवाज समजावत जातो. त्यांच्या संकेतस्थळावर विषय आणि भाषा अशा दोन याद्या आहेत. विषयात लिनक्स निवडा, भाषेत मराठी.

मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं मुलांकडून हे पाठ करून घेतले. अनुभवाचं सांगते. नुसते बघितले तर काहीही उरत नाही. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर टर्मिनल. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, तेच आपण करायचं. पाठ दहा मिनिटांचा असला तरी पाऊण तास धरून चला. बोललेल्या मजकुराची मराठी संहिताही तिथे मिळते. आवाज नीट पोचला नाही तर ती वाचा.

लिनक्सच्या जुन्या मालिकेत पडदे जुन्या उबुंटूचे आहेत, तुमच्यासमोरचे मेनू तसे दिसणार नाहीत. त्याने गोंधळू नका. डेस्कटॉपबद्दलचे पाठ सोडून द्या. मूलभूत आज्ञा, फाइल सिस्टीम, फायलींच्या परवानग्या, रिडायरेक्शन आणि पाइप, साधे फिल्टर, हे पाठ मात्र अजून जसेच्या तसे चालतात, कारण त्या आज्ञा बदललेल्या नाहीत. लिबरऑफिस, म्हणजे पत्रं (रायटर) आणि तक्ते (कॅल्क) करायचा मोफत संच, त्याची मालिकाही मराठीत आहे. तुमच्या पत्रव्यवहाराला आणि यादीला लिनक्सइतकाच तिचा उपयोग होईल. तेव्हा रायटर आणि कॅल्क आधी करा असं मी म्हणेन.

गावात इंटरनेटची ओढाताण असेल तर त्याच संकेतस्थळावर हवे ते पाठ निवडून त्यांचा एक गठ्ठा उतरवून घ्यायची सोय आहे. एकदा कुडाळ-सावंतवाडीकडे जाणं झालं की तिथून उतरवून पेनड्राइव्हवर आणा. मग तिन्ही संगणकांवर इंटरनेटशिवाय चालतील.

काजवा

मी थोडा वेगळा विचार मांडतो. काळ्या पडद्याला टाळून लिनक्स शिकता येत नाही. मेनू दर आवृत्तीत बदलतात, टर्मिनल तसंच राहतं. ज्यांना इंग्रजी सावकाश का होईना वाचता येतं, त्यांनी विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ घ्यावं. लेखकाने स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण पीडीएफ मोफत ठेवली आहे. पाचशेपेक्षा जास्त पानं आहेत, पण चार भागांपैकी पहिला भाग केला तरी पाया पक्का होतो. भाषा सोपी आहे, एक माणूस शेजारी बसून सांगतोय अशी.

त्याच्या जोडीला ‘ओव्हर द वायर’वरचा ‘बँडिट’ हा खेळ. दूरच्या संगणकात शिरायचं, तिथे लपवलेला पासवर्ड शोधायचा, तो वापरून पुढच्या पायरीवर जायचं. पहिल्या पाच-सहा पायऱ्यांत फायली पाहणं, लपलेल्या फायली शोधणं, नावात मोकळी जागा असलेली फाइल उघडणं हे हाताला वळण लागल्यासारखं येतं.

देवराई

काजवा, तुमच्या सूचना उत्तम आहेत, पण प्रश्न कुणाचा आहे ते पाहा. ताईंना सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं नाही, वाचनालय चालवायचं आहे. माझ्या वडिलांना मी पहिल्याच दिवशी टर्मिनल दाखवलं आणि त्यांनी तो संगणक पुन्हा उघडला नाही. त्याची खंत मला अजून आहे. मुंबईत त्यांच्या वयाच्या एका काकांना मी फक्त ब्राउझर, फाइल मॅनेजर आणि अपडेट मॅनेजर शिकवलं. ते आज चार वर्षं मिंट वापरताहेत. टर्मिनल एकदाही उघडलेलं नाही.

काजवा

तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी मी ताईंचा प्रश्न पुन्हा वाचला. त्यांनी लिहिलंय, ‘प्रत्येक अडचणीला भाच्याला फोन लावायचा नाही.’ अडचण आल्यावर जी उत्तरं मिळतात, ती ऐंशी टक्के टर्मिनलच्या आज्ञा असतात असा माझा अनुभव आहे. त्या आज्ञा न समजता चिकटवणं धोक्याचं आहे. म्हणून निदान वाचता येण्याइतकं टर्मिनल हवं. लिहिता आलं नाही तरी चालेल.

दगडफूल

‘वाचता येण्याइतकं’ हे मला पटलं. ‘एक्सप्लेनशेल’ नावाचं संकेतस्थळ आहे. सापडलेली आज्ञा तिथे टाकली की तिचा एकेक तुकडा सुटा करून अर्थ दाखवतं. चिकटवण्याआधी तिथे पाहायची सवय लावा.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आस्थेने कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टाइमशिफ्ट चालू केलं, यादीची प्रत घेतली. स्पोकन ट्युटोरियलचे कॅल्कचे चार आणि लिनक्सचे दोन पाठ केले.

दोन ठिकाणी अडले. पाठात सांगितलं की ‘मॅन’ या आज्ञेने कुठल्याही आज्ञेची माहिती मिळते. मी ‘मॅन’ लिहून पुढे ‘सीडी’ लिहिलं तर अशी नोंदच नाही असं उत्तर आलं. ‘मॅन’ आणि ‘एलएस’ लिहिलं तर भलंमोठं पान उघडलं, पण त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना. शेवटी खिडकीच बंद केली. दुसरं, मराठी टायपिंग. पूर्वी एक मुलगा अर्धवेळ यायचा, तो विंडोजवर फोनेटिकने, म्हणजे उच्चाराप्रमाणे, टाइप करायचा. मी इनस्क्रिप्ट कळफलक शिकलेली आहे. इथे ते कसं आणायचं?

काजवा

(आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. यंत्रावर त्या रोमन लहान अक्षरांत लिहायच्या, आणि लहान-मोठं अक्षर काटेकोर पाळायचं.)

बाहेर पडायला ‘क्यू’ ही कळ. पानात शब्द शोधायला तिरकी रेघ, मग शब्द, मग एंटर. पुढच्या जागी जायला ‘एन’. एवढं आलं की मॅन पान अंगावर येत नाही. ते पहिल्या ओळीपासून वाचायचं नसतं, शब्दकोशासारखं हवं तिथेच उघडायचं असतं.

‘सीडी’ची नोंद मिळाली नाही यात तुमची चूक नाही. ‘एलएस’ हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे, त्याचं स्वतंत्र पान आहे. ‘सीडी’ ही बॅश शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातलीच आज्ञा आहे. अशांसाठी ‘हेल्प सीडी’ असं लिहायचं. आणि आज्ञेचं नावच आठवत नसेल तेव्हा ‘मॅन’, मोकळी जागा, ‘वजा के’ आणि विषयाचा एखादा इंग्रजी शब्द. त्या शब्दाशी नातं असलेल्या आज्ञांची यादी येते.

हा सगळा मदतीचा साठा तुमच्या यंत्रातच आहे, इंटरनेट लागत नाही. लिनक्स ज्या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. मॅन पानांची मांडणी तिथून चालत आलेली आहे: नाव, वापर, वर्णन. मला या सलगपणाचं फार अप्रूप वाटतं. भाषा कोरडी आहे हे खरं. म्हणून ‘टीएलडीआर’ नावाचा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका. तो त्याच आज्ञेची पाच-सहा रोजच्या वापराची उदाहरणं दाखवतो. आधी टीएलडीआर, अडलं तर मॅन.

सह्यकडा

इनस्क्रिप्टसाठी वेगळं काही टाकावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, लेआउटच्या पानावर जा. ‘सिस्टीम डिफॉल्ट’ची खूण काढली की ‘ॲड’ चालू होतं. भारतीय गटात मराठीचे पर्याय दिसतील. एक इनस्क्रिप्ट, एक ‘कगप’ फोनेटिक. इंग्रजी वर ठेवा, मराठी खाली, आणि दोन्हींत अदलाबदल करायची कळ त्याच पानावर ठरवा.

‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’मधला ऱ्य काढायला शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. ‘ळ’ शिफ्ट-एनवर. पडद्याचे मेनू मात्र इंग्रजीतच राहू द्या. मिंटचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, आणि मदतीच्या लेखांत मेनूंची नावं इंग्रजीत असतात. एक डोळा लेखावर आणि एक भाषांतरावर ठेवून शिकणं अवघड जातं. लिबरऑफिस हवं तर पूर्ण मराठी करा, त्याचं भाषांतर वापरण्यासारखं आहे.

कोरीपाटी

इनस्क्रिप्ट जमलं! तालुक्याला पहिलं पत्र आज गेलं.

पण छपाई होत नाही. लेझर प्रिंटर जुना आहे, लिनक्सला सापडतच नाही. शोधलं तर एका ब्लॉगवर एक ओळ मिळाली. ती टर्मिनलमध्ये चिकटवायची, मग कुठूनतरी स्क्रिप्ट उतरते आणि ‘सुडो’ने चालते. एक्सप्लेनशेलवर पाहिलं, पण स्क्रिप्टच्या आत काय आहे ते तिथे दिसत नाही. चालवू का?

दगडफूल

नका चालवू. आणि विचारलंत ते फार बरं केलंत. ‘सुडो’ म्हणजे आज्ञेला पूर्ण अधिकार देणं, घराच्या सगळ्या किल्ल्या. अनोळखी संकेतस्थळावरून स्क्रिप्ट उतरवून थेट त्या किल्ल्या देणं म्हणजे दारात आलेल्या कुणालाही कपाट उघडून देणं. प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये असेल तर तिथूनच घ्यायचा. नसेल तर तो बनवणाऱ्याच्या मूळ पानावरून, तेही कुणाला तरी विचारून.

लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या ‘ओपनप्रिंटिंग’ या यादीत तुमचं मॉडेल शोधा. एचपीचा असेल तर ‘एचपीलिप’ या एचपीच्या ड्रायव्हरने बहुधा होईल. काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर असे आहेत की त्यांचं अर्धं काम विंडोजवरचा ड्रायव्हरच करतो. त्यांच्यावर वेळ घालवून हाती काही लागत नाही. तसं असेल तर पत्राची पीडीएफ करा आणि झेरॉक्सच्या दुकानात छापा. पुढे प्रिंटर घ्याल तेव्हा ही यादी पाहून घ्या.

आणखी एक. असा प्रश्न विचाराल तेव्हा टर्मिनलमध्ये ‘इन्क्सी’ लिहून पुढे वजा आणि मोठा एफ, लहान एक्स, लहान झेड अशी अक्षरं जोडून द्या. यंत्राची सगळी माहिती येते आणि त्या झेडमुळे नेटवर्कचे पत्ते, सिरियल क्रमांक यांसारखे खाजगी तपशील झाकले जातात. ती माहिती, तुम्ही काय केलंत, आणि आलेली चूक शब्दशः. एवढं दिलं की जगातल्या कुठल्याही लिनक्सच्या चौकात उत्तर मिळतं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं की चांगली माणसंही पुढे सरकतात.

देवराई

मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. त्यांच्यासाठी वेगळं खातं करा, प्रकार ‘स्टँडर्ड’, म्हणजे त्यातून प्रणालीला धक्का लागणार नाही. लहानग्यांसाठी ‘जीकॉम्प्री’ टाका. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समूहाचा प्रकल्प आहे, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, मोजणीपासून बुद्धिबळापर्यंत पुष्कळ खेळ त्यात आहेत. मोठ्या मुलांना काजवांचा बँडिट द्या. ती मुलं तुमच्याही पुढे जातील आणि मग मदतनीस गावातच तयार होतील.

पाणंद

धागा वाचनखुणांत ठेवला. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्यासाठी काही वेगळं सुचवाल का? ताईंच्या धाग्यात घुसल्याबद्दल क्षमस्व.

काजवा

शॉट्स यांचं पुस्तक पूर्ण करा. मग एमआयटीचे ‘मिसिंग सेमिस्टर’चे पाठ. शेल, एडिटर, गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), जे अभ्यासक्रमात गृहीत धरतात पण कुणी शिकवत नाही, ते तिथे आहे. लिनक्स फाउंडेशनचा ‘एलएफएस १०१’ हा अभ्यासक्रम मोफत करता येतो. एखादी गोष्ट मुळापासून समजून घ्यायची असेल तर आर्चविकी, म्हणजे आर्च या लिनक्सचा ज्ञानकोश. तुम्ही आर्च वापरत नसलात तरीही. पुण्यात किंवा मुंबईत असाल तर तिथल्या लिनक्स यूजर्स ग्रुपची मेलिंग लिस्ट धरा. एक वर्ष नुसती वाचलीत तरी खूप शिकाल.

कोरीपाटी

पाणंद, घुसलात कुठे, हा धागा सगळ्यांचा आहे.

प्रिंटर यादीत सापडला नाही. झेरॉक्सच्या दुकानाची सोय लावली.

आज दुसरंच सांगायला आलेय. ‘साधे फिल्टर’ हे पाठ संपवले. आमच्या यादीत ३,२०० च्या आसपास पुस्तकं आहेत आणि कुठल्या विषयाची किती, हे दर वर्षी कळवावं लागतं. एरवी दोन दिवस जातात. मी कॅल्कमधून यादी साध्या मजकुरात साठवली, रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब ठेवला, कारण पुस्तकांच्या नावांत स्वल्पविराम आहेत. मग ‘कट’ने विषयाचा चौथा रकाना, तो क्रम लावायला ‘सॉर्ट’ला, तिथून सारख्या ओळी मोजायला ‘युनिक वजा सी’ला. तीन आज्ञा, मध्ये दोन उभ्या रेघा, म्हणजे पाइप. एका क्षणात सगळ्या विषयांची मोजणी! मी तीनदा चालवून पाहिली.

टर्मिनलमध्ये मराठी अक्षरं तुटलेली दिसत होती, काना-मात्रा भलतीकडेच. म्हणून पाठात सांगितल्याप्रमाणे ‘मोठं’ या चिन्हाने उत्तर फाइलमध्ये वळवलं आणि ती एडिटरमध्ये उघडली. तिथे नीट दिसलं.

पण एक कोडं आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा विषय दोनदा आलाय. एकदा ४१ आणि एकदा १७. दोन्ही शब्द अगदी सारखे, मागेपुढे मोकळी जागाही नाही. आज्ञा चुकली का?

सह्यकडा

आज्ञा बरोबर आहे ताई, आणि तुम्ही फार छान जागी येऊन पोचला आहात! तुमच्या डोळ्यांना दोन शब्द सारखे दिसतात, यंत्राला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. तुम्ही इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जेने करता तो हाच. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. काही फोनेटिक कळफलक असा लिहितात. तो अर्धवेळ येणारा मुलगा फोनेटिक वापरायचा असं तुम्ही लिहिलं होतंत. १७ नोंदी त्याच्या असणार.

कॅल्कमध्ये फाइंड-रिप्लेस उघडा. त्या १७ पैकी एका नोंदीतला शब्द कॉपी करून वरच्या चौकटीत चिकटवा, स्वतः टाइप करू नका. खालच्या चौकटीत तुमच्या इनस्क्रिप्टने टाइप करा. ‘सर्व बदला’. मग पुन्हा साठवून तीच ओळ चालवा. लेखकांच्या आणि पुस्तकांच्या नावांतही असंच झालेलं असेल, तेही पाहून घ्या. शोधायला गेल्यावर पुस्तक ‘नाही’ असं येत असेल तर कारण हेच.

कोरीपाटी

५८.

आणि ‘दऱ्याखोऱ्या’ने सुरू होणारी दोन पुस्तकं सापडली. ती हरवली म्हणून मी गेल्या वर्षी नोंद केली होती. दोन्ही कपाटातच होती.